हाडाचा डॉक्टर मिळवतो किती?

दहावीची परीक्षा संपली की आपल्या शाळेच्या सभागृहात व्यवसाय मार्गदर्शनाचा कार्यक्रम होतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. यंदा आपल्याच एका माजी विद्यार्थ्याला बोलावले होते. ते अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. मांडीचे हाड कसे मोडते, त्यात सळई कशी घालतात, सहा-सहा आठवडे पाय टांगून ठेवण्याचे दिवस कसे मागे पडले, हे सारे त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवून सांगितले. मुले रंगून गेली होती. प्रश्नोत्तरे संपत आली तेव्हा मागच्या बाकावरून खानापूर तालुक्यातील एक पालक उठले. त्यांची मुलगी आपल्याकडून दहावी होऊन आता पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे. ते म्हणाले, "सर, हे सगळं खरं. पण एवढं सगळं शिकून झाल्यावर हाडाचा डॉक्टर मिळवतो किती, तेवढं सांगा की."

सभागृहात हशा पिकला. डॉक्टरही हसले, "पोटापुरतं मिळतं," म्हणाले आणि आभार प्रदर्शन सुरू झाले. ते पालक मात्र हसले नाहीत. हळूच खाली बसले.

आम्हा शिक्षकांना आणि वार्तापत्राच्या मंडळींना ही गोष्ट लागून राहिली. आपण मराठी माणसे पैशाचा प्रश्न चारचौघांत विचारला की ओशाळतो, आणि घरी गेल्यावर मात्र त्याच एका प्रश्नावर रात्रभर बोलतो. अमक्याच्या जावयाने बंगला बांधला, तमक्याने तिसरी गाडी घेतली, एवढीच काय ती आपली माहिती. तिच्या भरवशावर मुलांची आयुष्ये ठरतात आणि कधीकधी जमिनी विकल्या जातात. म्हणून त्या पालकांच्या प्रश्नाला जमेल तेवढे सरळ उत्तर द्यावे, असे आम्ही ठरवले. आपल्या शाळेतून गेलेल्या चार-पाच डॉक्टरांशी बोललो. नावे घालू नका, असे सगळ्यांनीच बजावले. त्यावरूनही या विषयाची कल्पना यावी.

महिन्याला किती, हा प्रश्नच या धंद्याला नीट लागू पडत नाही. कारण हा आयुष्यभराचा हिशेब आहे, आणि त्यातली पहिली बारा-तेरा वर्षे जमेच्या बाजूला जवळजवळ काहीच नसते.

मुलगी अठराव्या वर्षी एम.बी.बी.एस.ला लागली असे धरू. साडेचार वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेतेवीस. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी. अस्थिरोगाची जागा पहिल्या झटक्यात फार थोड्यांना मिळते; वर्ष-दोन वर्षे घरी बसून अभ्यास करणारी मुले घरोघरी दिसतात. मग एम.एस.ची किंवा डी.एन.बी.ची तीन वर्षे. या काळात विद्यावेतन मिळते, पण कामाचे तास विचारू नका. छत्तीस तास सलग जागून अपघाताचे रुग्ण पाहिल्याचे एकाने सांगितले, आणि ते तक्रार म्हणून नव्हे, सवयीने सांगितले. त्यानंतर सीनियर रेसिडेंट म्हणून एक वर्ष, शिवाय सांधेरोपण, पाठीचा कणा किंवा दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रिया यांपैकी काही खास शिकायचे तर फेलोशिपचे आणखी एखादे वर्ष. मध्येच सक्तीची सरकारी सेवाही येऊ शकते. कर्नाटकात त्यासाठी २०१२ चा कायदाच आहे. एवढे सारे होऊन स्वतःच्या पायावर उभे राहायला तिशी-एकतिशी उलटते.

तिच्याच वर्गातला एखादा मुलगा डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या कारखान्यात लागला आणि बाविसाव्या वर्षापासून सरासरी तीस हजार रुपये महिना मिळवू लागला, तर एकतिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या घरात बत्तीस लाखांहून अधिक आलेले असतात. डॉक्टरीणबाईंच्या पहिल्या कमाईच्या दिवशी हे बत्तीस लाख उणे आहेत, हे आपण कधी मांडत नाही.

आता कमाईकडे येऊ. सगळ्यात पक्के आकडे सरकारी नोकरीचे. सातव्या वेतन आयोगाच्या (२०१६) तक्त्यात केंद्र सरकारच्या सेवेतील नव्या विशेषज्ञाचे मूळ वेतन ६७,७०० रुपये आहे. खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल त्यावर २० टक्के भत्ता, म्हणजे १३,५४०. दोन्ही मिळून ८१,२४०. महागाई भत्ता जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्के झाला होता. तोच धरला तरी रक्कम १,२१,८६० रुपये होते. घरभाडे वेगळे. दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेत सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच १,०१,५०० पासून सुरू होते. केंद्रीय सेवेतील डॉक्टरांचे निवृत्तीचे वय २०१६ मध्ये ६५ करण्यात आले. म्हणजे नोकरी धरली तर तीसेक वर्षांची निर्धास्त, दरवर्षी थोडी थोडी चढत जाणारी मिळकत. ही कमाई वाईट आहे असे म्हणणाऱ्याने वडगावातल्या यंत्रमागावर एक पाळी काढून पाहावी.

खाजगी बाजू अशी सरळ नाही. एम.एस. होऊन आलेल्या नव्या डॉक्टरला मोठी रुग्णालये पहिली एक-दोन वर्षे ठराविक रकमेची हमी देतात. त्याला ते लोक मिनिमम गॅरंटी म्हणतात. आपल्या भागात ती लाख-दीड लाखांच्या आसपास असते, असे आमच्या मंडळींनी सांगितले. मुदत संपली की हमी संपते. मग जेवढे रुग्ण, जेवढ्या शस्त्रक्रिया, तेवढा वाटा. येथून पुढे एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोघांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचा फरक पडू लागतो. पुण्या-मुंबईत, बंगळूरला गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांत नाव झालेला सर्जन वर्षाला कोटीची भाषा करतो, हे खरे आहे. आणि तालुक्याच्या गावी प्लॅस्टर, मोडलेली मनगटे आणि कंबरदुखी पाहणारा त्याचा मित्र सरकारी नोकरीपेक्षा थोडेसे अधिक मिळवतो, हेही तितकेच खरे. दुसऱ्याविषयी लग्नाच्या बैठकीत कोणी बोलत नाही, एवढेच.

स्वतःचे रुग्णालय काढणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. दहा खाटा, शस्त्रक्रियागृह, शस्त्रक्रिया चालू असताना हाड दाखवणारे सी-आर्म यंत्र, ड्रिल, पट्ट्या आणि स्क्रूंचे संच, भूलतज्ज्ञाचे मानधन, परिचारिका, जनरेटर, परवाने. आमच्या एका डॉक्टरांचे पस्तिसाव्या वर्षी काढलेले कर्ज सत्तेचाळिसाव्या वर्षी फिटले. ते म्हणाले, "सर, लोक मला बारा वर्षं श्रीमंत समजत होते. मी बारा वर्षं बँकेचा नोकर होतो." आज त्यांचे उत्तम चालले आहे, हेही सांगितले पाहिजे.

साधारणपणे पंचेचाळीस ते साठ ही या माणसांची भरभराटीची वर्षे. कलमी आंब्यासारखी लवकर फळे येथे मिळत नाहीत. कोय लावलेल्या रायवळ झाडासारखे थांबावे लागते. आणि साठीनंतर हात, डोळे, पाठ हळूहळू बोलू लागतात. हाडांची शस्त्रक्रिया हे उभे राहून करायचे अंगमेहनतीचे काम आहे. क्ष-किरणांपासून बचावासाठी अंगात शिशाचा जड एप्रन घालून तासन् तास उभे राहायचे. ज्यांनी दुसऱ्यांचे मणके सरळ केले त्यांचीच कंबर धरलेली असते, असा विनोद त्यांच्यात चालतो म्हणे. रात्री दोन वाजता महामार्गावर अपघात झाला की फोन यांनाच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. तेव्हापासून दाव्यांच्या भीतीपोटी विम्याचा हप्ताही दरवर्षी भरावा लागतो. या सगळ्याची किंमत मिळकतीत धरायची की खर्चात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अमेरिकेचाही उल्लेख करून टाकतो, कारण आपल्याकडे प्रत्येक गल्लीत कोणाचा तरी भाचा तिकडे असतो आणि तो आकडे पाठवतो. तिकडच्या मेडस्केप या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात अस्थिशल्यतज्ज्ञांची सरासरी वार्षिक मिळकत ५,५८,००० डॉलर होती, आणि सर्व शाखांत ती वरच्या टोकाची होती. आकडा खरा आहे. पण तिकडे चार वर्षे पदवी, चार वर्षे वैद्यकीय शाळा, पाच वर्षे रेसिडेन्सी आणि बहुतेक वेळा एक वर्ष फेलोशिप असा पल्ला आहे. साधारण दोन लाख डॉलरचे कर्ज घेऊनच बहुतेक मुले बाहेर पडतात. आणि भारतात एम.बी.बी.एस. केलेल्याला तिकडे अस्थिरोगाची रेसिडेन्सी मिळणे फार दुर्मिळ. विलायतेत इंग्लंडच्या सरकारी सेवेत कन्सल्टंटचे वेतन २०२४-२५ साली १,०५,५०४ पौंडांपासून सुरू होत होते. तेथेही त्या पदापर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षे जातात. भाच्याच्या पत्रावरून खानापुरातल्या मुलीचा हिशेब मांडू नये.

इथवर जे सांगितले ते माहितीपुरते. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळतो.

त्या पालकांना आम्ही नंतर कार्यालयात बोलावले. चहा झाला. तेव्हा कळले की त्यांची विचारणा कुतूहलाची नव्हती. मुलगी हुशार आहे, पण सरकारी जागा मिळेल याची खात्री नाही. एका मध्यस्थाने त्यांना सांगितले होते की खाजगी महाविद्यालयात एम.बी.बी.एस. करा, पुढे अस्थिरोगाची जागाही 'बघू', पाच-सात वर्षांत सगळे वसूल होईल. त्यासाठी वडिलोपार्जित भातशेती आणि घराशेजारचा तुकडा विकायचा त्यांचा विचार चालला होता. 'हाडाचा डॉक्टर मिळवतो किती' याचा अर्थ 'जमीन विकली तर ती परत घेता येईल का' असा होता. सभागृह ज्याला हसले तो प्रश्न हा.

आम्ही त्यांच्यासमोर कागदावर आकडे मांडले. कर्नाटकात सरकारी महाविद्यालयात एम.बी.बी.एस.ची वार्षिक फी साठ-पासष्ट हजारांच्या घरात आहे. खाजगी महाविद्यालयातील सरकारी कोट्यातून जागा मिळाली तर दीड लाखाच्या आसपास. पण त्याच महाविद्यालयातील खाजगी कोट्यात ती दहा-बारा लाखांवर जाते. अकरा लाख धरले तर साडेचार वर्षांचे सुमारे पन्नास लाख. पदव्युत्तर अस्थिरोगासाठी खाजगी आणि अभिमत संस्थांत वर्षाला पंचवीस-तीस लाखांची फी आता कोणाला नवलाची वाटत नाही. तीस धरली तर तीन वर्षांचे नव्वद लाख. एकूण एक कोटी चाळीस लाख. वसतिगृह, पुस्तके, जाणे-येणे सोडून.

हे पैसे कर्जाने उभे केले आणि व्याज दहा टक्के धरले, तर नुसते व्याजच वर्षाला चौदा लाख. महिन्याला एक लाख सोळा हजार सहाशे. वर केंद्र सरकारच्या विशेषज्ञाचा पगार आम्ही १,२१,८६० काढला आहे. म्हणजे ही मुलगी एकतिसाव्या वर्षी सरकारी नोकरीत लागली तर तिचा जवळजवळ सगळा पगार व्याजात जाईल आणि मुद्दल तसेच उभे राहील. ती सरकारी नोकरीत जाणारच नाही. जाऊच शकणार नाही. खेड्यात जाणार नाही. कमी फीमध्ये रुग्ण पाहणार नाही. ती वाईट आहे म्हणून नव्हे. बापाची जमीन तिच्या मानेवर बसलेली असेल म्हणून.

आणि मग हा पैसा येणार कोठून? रुग्णाच्या गुडघ्यातून. दुसरीकडे कोठे खाणच नाही.

याबाबतीत आम्हाला गोड बोलता येत नाही. आपल्या भागात प्रत्येक घरात कोणाचा ना कोणाचा गुडघा दुखतो आहे. शस्त्रक्रिया खरोखर हवी असलेले त्यांत पुष्कळ आहेत. सांधेरोपणाने अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे पुन्हा गणपतीच्या आरतीला उभी राहिलेली आपण पाहिली आहेत. पण 'आत्ताच करा, नाहीतर उशीर होईल' असे घाईने सांगितल्याचेही अनुभव आहेत. औषधे आणि व्यायामाने आणखी चार-पाच वर्षे निघाली असती, असे दुसऱ्या डॉक्टरने नंतर सांगितलेले. यातला प्रत्येक डॉक्टर लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्या डोक्यावर दीड कोटींचे ओझे आहे त्याला शंकेचा फायदा गुडघ्याला देण्यापेक्षा शस्त्रक्रियेला द्यावासा वाटणे माणसाच्या स्वभावाला धरून आहे.

कृत्रिम सांध्याच्या किमतीचा इतिहास तर डोळे उघडणारा आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना कमाल किंमत लावली. सर्वात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी १,५८,३२४ रुपये छापील किमतीला विकला जाई. तो ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. टायटॅनियम आणि झिर्कोनियमचा २,४९,२५१ वरून ७६,६०० वर. एका दिवसात वस्तूची किंमत एक-तृतीयांश होते आणि तरी ती बाजारात मिळत राहते, याचा अर्थ आधीच्या किमतीतला मोठा हिस्सा वस्तूचा नव्हताच. तो आयातदार, वितरक, रुग्णालय यांच्यात वाटला जात होता. आणि काही ठिकाणी डॉक्टरांपर्यंतही पोहोचत होता. पुढे सांधा स्वस्त झाला तरी एकूण बिल त्या प्रमाणात उतरले नाही, हे आपल्यातील अनेकांनी अनुभवले आहे. सांध्याची किंमत छापलेली असते; शस्त्रक्रियागृहाचे भाडे, खोलीचा दर, 'इतर' या एका शब्दाखाली येणारे आकडे छापलेले नसतात.

कमिशनचेही तसेच. रुग्ण पाठवणाऱ्याला वाटा देणे, ज्याला सगळे 'कट' म्हणतात, ते वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली होती. नियम असूनही कायदा करण्याची वेळ यावी, यातच सारे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इकडे कर्नाटकात खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्यातील दुरुस्तीविरुद्ध राज्यभरचे डॉक्टर आपल्या बेळगावात सुवर्णसौधाच्या अधिवेशनाच्या वेळी जमले होते. दर सरकारने ठरवू नयेत आणि डॉक्टरला तुरुंगाची भीती दाखवू नये, या त्यांच्या मागण्या. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण त्या गर्दीत एकही फलक 'आमच्या शिक्षणाची फी कमी करा' असा आम्हाला दिसला नाही. मूळ तेथे असताना सगळे जण फांद्यांवरून भांडत होते.

आता थोडे आपल्याविषयी. दोष फक्त तिकडे आहे असे मानून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपण तपासणीचे तीनशे-चारशे रुपये देताना कुरकुरतो. "नुसतं बघितलं आणि एवढे घेतले," असे म्हणतो. तोच डॉक्टर "एम.आर.आय. करून या" म्हणाला की काही न बोलता हजारो रुपये भरतो. ज्याने अर्धा तास बसवून चालायला लावले, वजन कमी करायला सांगितले, व्यायाम लिहून दिला आणि शस्त्रक्रिया लागणार नाही म्हणाला, त्याला आपण 'याला काही येत नाही' असे ठरवून दुसरीकडे जातो. डॉक्टरचे डोके, त्याचा वेळ, त्याचा 'नको' हा सल्ला यांना आपण पैसे द्यायला तयार नसतो. यंत्राला, सुईला आणि टाक्याला देतो. मग तो यंत्र आणि टाकेच विकणार. उघड फी नाकारणाऱ्या समाजाला छुपी फी भरावी लागते, आणि ती नेहमीच जास्त असते.

अजूनही आपल्या खेड्यांत हाडवैद्याकडे जाऊन बांबूच्या कामट्या बांधून घेणारे आहेत. त्याला अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होतो. आम्ही एकदा एका आजोबांना विचारले, तर ते म्हणाले, "तो किती घेणार ते आधी सांगतोय." हात वाकडा बसला होता, तरी आजोबांची तक्रार नव्हती. वाकड्या हाताचे समर्थन आम्ही करणार नाही. पण आधी सांगण्याची किंमत त्या आजोबांना कळली होती.

दुसऱ्या तऱ्हेची माणसेही याच व्यवसायात होऊन गेली. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यतज्ज्ञ. रामचंद्र शर्मा या कारागिराबरोबर त्यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडवला. अनवाणी चालता येईल, मांडी घालून बसता येईल, शेतात चिखलात उतरता येईल असा पाय. त्याचे पेटंट घेतले नाही. १९८१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याजवळचे उदाहरण मिरजेचे. १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी तेथे रुग्णालय काढले तेव्हापासून बेळगाव-खानापूरची माणसे रेल्वेने मिरजेला जात आली आहेत. त्याच मिरजेत राहून डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी अस्थिशल्यविज्ञानाचा मोठा ग्रंथ संपादित केला. तो देशभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. मोठे काम करायला मोठे शहर लागते, हा समज त्यांनी खोटा ठरवला. ही माणसे उपाशी राहिली नाहीत. चांगलीच राहिली.

मुलीविषयी एक गोष्ट राहिली. बैठकीत एकाने सहज म्हटले होते, "हाडाचं काम पुरुषाचं, मुलीला कुठं झेपतंय." या शाखेत स्त्रिया थोड्या आहेत, हे खरे. पण आता ड्रिल विजेवर चालते, हाड पडद्यावर दिसते, आणि जोरापेक्षा कोन आणि नेमकेपणा जास्त लागतो. आमच्या माजी विद्यार्थी डॉक्टरांनाही आम्ही मुद्दाम विचारले. ते म्हणाले, त्यांच्या तुकडीत सर्वांत चांगला हात एका मुलीचाच होता.

त्या पालकांना आम्ही शेवटी एवढेच सांगितले की जागा विकत घेऊ नका. मुलीला नीट परीक्षेला दोनदा, लागले तर तीनदा बसू द्या. एका वर्षाची किंमत एका एकरापेक्षा कमी आहे. परीक्षा मराठीतून द्यायची असेल तर प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते, म्हणजे कोल्हापूरचे केंद्र निवडावे लागेल. अर्ज भरतानाच हे लक्षात ठेवावे. सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत काही जागा असतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणून आम्ही कागदपत्रांची यादी करून देऊ. पदव्युत्तरच्या वेळी अस्थिरोग सरकारी जागेत मिळाला तर घ्यावा, न मिळाला तर मिळेल ती चांगली शाखा घ्यावी. आणि काहीच जमले नाही तर फिजिओथेरपी आहे. सांधा बसवल्यावर माणसाला चालते करण्याचे काम त्यांचेच असते.

आमच्यातल्या एका सरांना हे पटलेले नाही, तेही नोंदवतो. त्यांचे म्हणणे, श्रीमंतांची मुले जागा घेतच राहणार, मग आपणच का मागे राहावे? या प्रश्नाला आमच्याकडे नीट उत्तर नाही. फी कमी होत नाही तोवर तो राहणारच. मात्र श्रीमंताचा बंगला बुडाला तर त्याला दुसरा असतो, आणि खानापुरातल्या या घराला दुसरी जमीन नाही, एवढे आम्ही सरांना म्हणालो.

पुढच्या महिन्यात त्याच डॉक्टरांना पुन्हा बोलावले आहे. या वेळी चित्रे नकोत, एक बिल घेऊन या, आणि त्यातली ओळ न् ओळ समजावून सांगा, असे कळवले आहे. त्यांनी होकार दिला. "रुग्णाचं नाव खोडून आणतो," म्हणाले.

ते पालक आकड्यांचा कागद घडी करून खिशात ठेवून उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "सर, मग जमीन राहू दे म्हणता?" आम्ही मान हलवली. ते म्हणाले, "बरं झालं. आवंदा भात लावतो तर."